आजोबांचं आरशाचं कपाट: भंगारवाला म्हणतो ४,०००, फोनवरचा म्हणतो ६०,०००

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नौपाड्यातली तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, दीड महिन्यात घर रिकामं करायचंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि घरात आजोबांच्या लग्नातलं (१९५२ म्हणालात) साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद आरशाचं लाकडी कपाट आहे जे भाड्याच्या वन बीएचकेत काही केल्या बसत नाही. गल्लीतला भंगारवाला ४,००० म्हणाला, फोटो बघून कुणीतरी फोनवर "अँटिक आहे, ६०,००० कुठे गेले नाहीत" म्हणाला, आणि तुमचा भाऊ म्हणतो आधी झकास पॉलिश करून घेऊ, मग विकू. खरं कुणाचं?

मी सव्वीस-सत्तावीस वर्षं जुनं फर्निचर घेणं, दुरुस्त करणं, विकणं हेच करतोय, कळव्याला छोटं वर्कशॉप आहे. तर पहिल्यांदाच सांगतो, दोघंही तुम्हाला खोटा आकडा सांगतायत, फक्त उलट्या दिशेने. आणि तुमचा प्रश्न किमतीचा वाटला तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्यात, एक म्हणजे ही वस्तू नेमकी आहे काय, आणि दुसरी म्हणजे तुमच्या हातात दिवस किती. सगळे पहिलीच्याच मागे लागतात. पैसे जातात ते दुसरीमुळे.

आधी भावाला थांबवा. पॉलिश अजिबात नको. एक तर आत्ता पावसाळी हवा आहे, दमट हवेत चपड्याचं (म्हणजे लाखेचं) फ्रेंच पॉलिश मारलं की त्यावर पांढुरकी झाक येते आणि मग ते सगळं परत काढावं लागतं. दुसरं म्हणजे बाजारातला पॉलिशवाला मशीन लावून वरचा सगळा जुना रंग घासून काढणार, त्यावर गडद स्टेन आणि चकचकीत मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) मारणार आणि ८-१० हजार घेणार, की जुनं जाणणारा गिऱ्हाईक बघूनच म्हणेल हे नवीन केलेलं दिसतंय, आत काय झाकलंय कुणास ठाऊक. जुन्या लाकडावर हात फिरून फिरून जो रंग चढतो ना, तो आम्हालाही परत आणता येत नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, आतली फळी ओल्या फडक्याने पुसून लगेच वाळवा, एवढंच करा.

आता वस्तू काय आहे ते कसं ओळखायचं. समोरून कपाट बघून काही कळत नाही, कारण समोरची बाजू दाखवायलाच केलेली असते. जिथे कुणी कधी पॉलिश मारायला गेलं नाही तिथे बघा. खालचा खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, मोबाईलची टॉर्च आडवी धरा म्हणजे उजेड पृष्ठभागावर घसरत जाईल. हाताने रंधा मारलेला असेल तर खणाच्या तळाला बोटं फिरवल्यावर हलक्या लाटा लागतात, एकसारखं सपाट नसतं. खणाच्या कोपऱ्याला समोरची फळी आणि बाजूची फळी कशी जोडलीय ते बघा. कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले असतात, सुतार लोक त्याला डवटेल म्हणतात, ते दात जर कमी-जास्त रुंदीचे असतील आणि बाजूला पेन्सिलने किंवा टोच्याने मारलेली आखणीची रेघ अजून दिसत असेल तर ते हाताने केलेलं काम. सगळे दात मोजून-मापून अगदी एकसारखे असतील तर मशीनचं. आणि नुसते खिळे ठोकलेले असतील तर मग बाकीचं कपाट कितीही नक्षीदार असू दे, ते घाईचं काम आहे किंवा खण नंतर कुणीतरी बदललाय.

स्क्रू बघा. आडवी एकच खाच असलेले स्क्रू आपल्याकडे बराच काळ चालले, अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला आणि आपल्या सुतारांच्या हातात रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणून १९५२ च्या कपाटाच्या बिजागरीला तसे स्क्रू दिसले तर बिजागरी कधीतरी बदललीय एवढाच अर्थ घ्या, कपाट नवीन आहे असा नाही. कुलपाचंही तसंच, कुलूप जुनं म्हणून कपाट जुनं असं होत नाही. एका खुणेवरून कधीच ठरवू नका, तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतायत का ते बघा. (गोल टेबल कुणाकडे असेल तर एक गंमत सांगतो, व्यास दोन दिशांनी मोजा, एकदा लाकडाच्या रेषांच्या लांबीत आणि एकदा आडवा. लाकूड आडव्या दिशेने जास्त आकसतं, त्यामुळे अख्ख्या लाकडाचं जुनं टेबल किंचित लंबगोल निघतं. प्लायवूडचं तसं होत नाही.)

मागची फळी नक्की बघा, कपाट भिंतीपासून वीतभर ओढून. तिथे साग नाही म्हणून घाबरू नका. जुने सुतार हिशेबी होते, समोर आणि बाजूला चांगला साग, मागे आणि खणाच्या तळाला देवदार किंवा आंबा, असं सर्रास असायचं, त्यामुळे "पूर्ण सागवानी" असं कुणी म्हणालं की मी आधी मागे जाऊन बघतो. मागे प्लायवूड असेल तर एक तर ती नंतरची दुरुस्ती किंवा कपाट तुम्ही समजताय त्यापेक्षा अलीकडचं.

लाकूड कुठलं हा सगळ्यात मोठा वादाचा मुद्दा. साग ओळखायला खणाच्या मागच्या कडेवर, जिथे दिसणार नाही तिथे, ब्लेडने अगदी नखाएवढं खरवडा. ताजा साग सोनेरी-तपकिरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा एक वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. शिसवी त्याहून जड, जांभळट तपकिरी, आत काळ्या रेघा, आणि खरवडल्यावर गोडसर वास. फणसाचं लाकूड कोकणातून आलेल्या सामानात खूप सापडतं, ताजं पिवळंधमक आणि जुनं झालं की लालसर तपकिरी, त्याला लोक साग समजून विकतात आणि साग समजून घेतातही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक "शिसवी" टेबल चांगल्या भावाने उचललं होतं, घरी आणून पायाच्या तळाशी खरवडलं तर आत पांढरंफटक आंब्याचं लाकूड, वरून नुसता स्टेन. उचलायला हलकं लागलं होतं तेव्हाच कळायला हवं होतं, पण विकणाऱ्याने चहा पाजला आणि मी वजनाकडे लक्षच दिलं नाही.

फोनवरचा माणूस "बर्मा टीक" पण म्हणाला ना? फोटोवरून बर्माचा साग आणि सीपी (जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे आपल्याकडचा साग) ओळखणारा माणूस अंतर्यामीच असला पाहिजे. बर्मा सागाचे रेषे बहुतेक सरळ, एकसारखे, गाठी कमी. आपला सीपी किंवा बल्लारशाचा साग जास्त नक्षीचा, गडद पट्ट्यांचा. पण सत्तर वर्षांच्या पॉलिशखाली हा फरक हातात घेऊनसुद्धा पटकन सांगता येत नाही, मी तरी सांगत नाही. साग आहे एवढं पक्कं झालं तरी तुमच्या व्यवहाराला पुरे.

पॉलिश मूळचं आहे का ते बघायला कापसावर थोडं स्पिरिट घ्या, दाराच्या आतल्या बाजूला खाली कोपऱ्यात हलकं टेकवा. चिकट होऊन रंग कापसाला आला तर चपड्याचं जुनं पॉलिश. काहीच झालं नाही तर नंतर कुणीतरी पीयू किंवा तसलंच काही मारलंय. आणि ज्यांच्याकडे ऑइलपेंट मारलेलं सामान आहे त्यांनी (चाळीत दिवाळीला भिंतींबरोबर कपाटंही रंगवायची पद्धत होती, निळी, हिरवी, कसलीही) घरात सँडपेपर मारत बसू नका, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, ती धूळ पोरांच्या नाकातोंडात नको.

आरशाबद्दल तुम्ही "बेल्जियम काच आहे असं आजी म्हणायची" असं लिहिलंय. आजीचा मान ठेवून सांगतो, ठाण्या-मुंबईत कडेला तिरका काप असलेला प्रत्येक जुना आरसा लोकांच्या मते बेल्जियमचाच असतो. नखाचं टोक आरशाला टेकवून नख आणि प्रतिबिंबात किती अंतर दिसतं ते लोक बघतात, त्यातून काच जाड की पातळ एवढंच कळतं, देश कळत नाही. कडेने काळे डाग, मागचा मुलामा उडालेला, हे जुन्या आरशाला असणारच, आणि मजा म्हणजे घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते हवे असतात. आरसा बदलू नका. तडा असेल तर मात्र आधीच सांगून टाका.

शेवटी कीड. कपाटाखाली पांढरा कागद पसरा, आठवडाभर ठेवा. बारीक पिवळी पावडर पडली तर भुंगा आत जिवंत आहे. नुसती भोकं आहेत पण पावडर नाही तर बहुतेक जुनं प्रकरण. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचं जे पांढरं कच्चं लाकूड असतं ते खातेच, आणि मागच्या देवदाराला तर हमखास. भिंतीच्या बाजूच्या दोन्ही मागच्या पायांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, भस्सकन आत गेला तर तेवढी दुरुस्ती धरा.

म्हणजे इथपर्यंत आलात की तुम्हाला माहिती असेल साग आहे की नाही, काम हाताचं आहे की नाही, काय बदललंय आणि काय खाल्लंय. आता पैसे.

खालची मर्यादा आधी काढा, म्हणजे कपाट फोडून नुसतं लाकूड विकलं तर काय येईल. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं इंचात, भागिले १७२८, म्हणजे घनफूट. तुमची एक बाजू धरा ७८ इंच उंच, २० इंच खोल, पाऊण इंच जाड, ११७० भागिले १७२८, म्हणजे ०.६८ घनफूट. दोन बाजू, चार कप्पे, वरची-खालची फळी, दारं, पाय असं सगळं मिळून साडेचार ते पाच घनफूट निघेल. जुन्या, मुरलेल्या, खिळे काढलेल्या सागाला माझ्यासारखा माणूस घनफुटाला दीड-दोन हजार सहज देतो, चांगल्या रुंद फळ्या असतील तर जास्त. म्हणजे साग असेल तर नुसतं लाकूडच ७ ते १० हजारांचं आहे, मग भंगारवाल्याचे ४,००० कशाचे? ते तुमच्या घाईचे. तो कपाट फोडणार पण नाही, संध्याकाळी माझ्यासारख्यालाच आणून विकणार.

आता साठ हजार. हा आकडा हवेतला नाहीये, असं कपाट नीट केलेलं, एसी दुकानात दिव्याखाली उभं असेल तर त्यावर अशी चिठ्ठी लागते. पण ती दुकानदाराची विकायची किंमत, तुमच्या हातात पडायची नव्हे. मध्ये त्याची दुरुस्ती, पॉलिश, टेम्पो, दुकानाचं भाडं, आणि ते कपाट सहा-आठ महिने गिऱ्हाइकाची वाट बघत उभं राहणार ते. मी स्वतः ज्या भावाला विकेन त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला घेतो, क्वचित ४० टक्क्यांपर्यंत जातो, त्यापुढे गेलो तर माझं पोट भरत नाही. आणि फोनवर ६०,००० बोलणारे बहुतेक घरी येतात तेव्हा सामान बांधायला तुमचे चार दिवस उरलेले असतात, मग आरशावर डाग आहे, पाय हलतोय, हे बर्मा नाहीच असं करत १२,००० वर येऊन बसतात. मोठा आकडा हा तुम्हाला दुसरीकडे जाऊ न देण्यासाठी असतो.

"अँटिक" शब्दाचं पण सांगून टाकतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना ७५. तुमचं कपाट १९५२ चं असेल तर कायद्याने ते अँटिक नाही, बाजाराच्या भाषेत "जुनं चांगलं काम" आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. कुणाकडे खरंच शंभरच्या वरचं काही असेल आणि घेणारा परदेशी पाठवायच्या गोष्टी करत असेल तर जरा थांबा, तसल्या वस्तू खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाहीत.

तर माझा अंदाज, साग आहे, कीड चालू नाही, आरसा अखंड आहे असं धरून: माझ्यासारख्या व्यापाऱ्याकडून १२ ते १५ हजार, थेट वापरणाऱ्याला विकलंत तर २० ते २८ हजार. खण हाताचे निघाले, वरचा नक्षीचा मुकुट आणि मुठी मूळच्या निघाल्या तर थोडं वर. साग नसेल तर हे सगळं निम्म्याच्या खाली. थेट वापरणारे कोण? घोडबंदर रोडच्या मोठ्या फ्लॅटवाल्यांपैकी एखादा, पण त्याहून जास्त कर्जत-अलिबागकडे होमस्टे चालवणारे, कॅफेवाले. घोडबंदरला मालिकांचं शूटिंग चालतं तिथले सेटवाले चौकशी करतात पण ते बहुतेक भाड्यानेच मागतात, तुमच्या कामाचे नाहीत. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात फोटो घेऊन एक चक्कर मारा, विकायला नाही, तिथे तसल्याच कपाटाला काय भाव सांगतात ते ऐकायला, आणि मग त्याचा तिसरा हिस्सा मनात धरा.

आणि ज्याचा कुणी हिशेब करत नाही ते म्हणजे उतरवणं. तिसरा मजला, जुन्या बिल्डिंगचा अरुंद जिना, चार माणसं, माझ्या हिशेबाने साडेतीन-चार हजार आणि टेम्पो वेगळा. व्यवहार ठरवताना पहिलं वाक्य हे बोला: उतरवायचा खर्च घेणाऱ्याचा. १८,००० देऊन स्वतः नेणारा हा २१,००० देऊन "तुम्ही खाली आणून द्या" म्हणणाऱ्यापेक्षा बरा, कारण जिन्यात आरसा फुटला तर तो कुणाचा, यावरून भांडण होतंच. बहुतेक वेळा अशी कपाटं सुटी होतात, वरचा मुकुट नुसता उचलला की निघतो, आत लाकडी पाचरी किंवा बोल्ट असतात. हातोडी घालण्याआधी ते शोधा.

ऑनलाइन जाहिरात टाकलीत तर "मी सैन्यात आहे, बदली झालीय, न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असा मेसेज येईलच. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिन तर नाहीच नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. बाकी जाहिरातीत समोरचा एक फोटो आणि खणाचा कोपरा, मागची बाजू, आरशाचे डाग असे पाच-सहा फोटो टाका, दोष स्वतःहून दाखवलेत की घासाघीस निम्मी होते. पुढचे तीन आठवडे थेट गिऱ्हाईक शोधा, नाही मिळालं तर चौथ्या आठवड्यात दोन-तीन व्यापाऱ्यांना एकाच दिवशी बोलवा आणि द्या. शेवटच्या आठवड्यात भाव तुमच्या हातात राहत नाही. आणि जाता जाता, घराची सागवानी दारं-खिडक्या कुणाची हे बिल्डरच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये वाचलंत का? बऱ्याच जणांना चावी दिल्यावर आठवतं.

आता कपाट बाजूला ठेवा. तुमच्या तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात पेपरच्या गठ्ठ्याखाली एक खुर्ची दिसतेय, गोल बैठक, वाकवलेल्या लाकडाची पाठ, इराणी हॉटेलात असायची तशी. मला कपाटापेक्षा तीच आधी दिसली. ही मूळ जात व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची, त्यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं, सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस. सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या म्हणून जगभर गेली. मग दुसऱ्या कारखान्यांनीही केल्या आणि पुढे आपल्याकडेही नकला झाल्या. खुर्ची उलटी करा, बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, कागदी लेबल किंवा लाकडात दाबलेला शिक्का आहे का बघा. "चेकोस्लोव्हाकिया" असं काही वाचता आलं तर ती १९१८ नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. वेताची जाळी फाटली असेल तर फाटू दे, ती परत विणता येते, कडं मोडलेलं नको फक्त. शिक्का निघाला आणि अशा चार-सहा एकसारख्या असतील तर कपाटाइतके पैसे तिथेच येतील, शिवाय एका माणसाला दोन्ही हातांत दोन नेता येतात.

किती आहेत तशा? माळ्यावर पण बघा. आणि रद्दीवाला पेपर न्यायला येईल तेव्हा खुर्ची आधी आतल्या खोलीत ठेवा, तो "ताई ही पण देऊन टाका ५० रुपयांत" म्हणणारच आहे.